मोजमापाचा माणूस

माझ्या वडिलांना सर 'पाच-सहा' म्हणायचे. उंची पाच फूट सहा इंच, म्हणून पाच-सहा. "पाच-सहा, पाणी आण." "पाच-सहा, खडू संपले." आबा साताऱ्याच्या कॉलेजात इतिहास विभागाचे शिपाई होते आणि सर विभागप्रमुख. दोघांनी जवळजवळ सगळी नोकरी एकाच व्हरांड्यात काढली, पण सरांच्या तोंडून आबांचं नाव निघालेलं मी कधी ऐकलं नाही.

लोक म्हणतात, अगं, सर तऱ्हेवाईक, ते सगळ्यांनाच तसं म्हणायचे, कशाला मनावर घेतेस? म्हणायचे, खरं आहे. प्राचार्य 'पाच-दोन' होते. स्वतःची बायको 'चार-अकरा' होती. आबा गेल्यावर त्यांच्या जागी मला कॉलेजात कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी मला दारातच थांबवलं, डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "पाच-एक. बस." पण प्राचार्यांना ते पाठीमागे पाच-दोन म्हणायचे आणि आबांना तोंडावर. एवढा फरक त्यांच्या तऱ्हेवाईकपणालाही बरोबर कळत होता, म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

सर मूळचे वाईचे. उन्हाळ्यातसुद्धा अंगात कोट, पायात कॅनव्हासचे मळके बूट, खांद्याला कॅमेऱ्याची कातडी पेटी. शिकवायचे सगळे तास अंधारात. खिडक्यांना काळे कागद लावून घ्यायचे आणि पडद्यावर स्लाइड दाखवत, वर्गाकडे पाठ करून बोलत राहायचे. मुलं झोपायची. ते सरांना ठाऊक होतं. "झोपा," म्हणायचे, "पण तोंड पडद्याकडे ठेवून झोपा."

राजेरजवाड्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. "राजांना भाट होते, त्यांचं मला काय सांगता? वीरगळ बघा, वीरगळ!" वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसासाठी गावाच्या शिवेवर किंवा देवळाबाहेर उभा केलेला कोरीव दगड. खाली तो लढताना दिसतो, मध्ये अप्सरा त्याला घेऊन जातात, वर तो देवापाशी हात जोडून बसलेला असतो. आपल्याकडे फलटणपासून तासगावपर्यंत गावोगावी असे दगड उभे आहेत. कुणी त्यावर धुणं धुतं, कुणी म्हैस बांधतं. सर दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी लागली की एसटीनं या गावांना जायचे आणि एकेका दगडाच्या रंगीत स्लाइड काढायचे. बरोबर आबा. घरात आम्हाला एवढंच माहीत होतं, की आबा सरांची पेटी आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं उचलायला जातात.

या स्लाइड ठेवण्याची सरांची पद्धतही त्यांच्यासारखीच. तासगावचा एक माजी विद्यार्थी त्यांना दरवर्षी बेदाण्याचे रिकामे खोके पाठवायचा. सर म्हणायचे, बेदाणा टिकतो त्यात स्लाइड का टिकणार नाही? साताऱ्याच्या पावसात बुरशी धरू नये म्हणून आबांना ऑफिसातल्या हीटरवर तांदूळ भाजायला लावायचे, मलमलच्या पुरचुंड्या करायच्या आणि प्रत्येक खोक्यात एक टाकायची. बुरशी थोडी कमी झाली असेल, पण बेदाण्याच्या वासानं मुंग्या आल्या. मग खोक्यांभोवती हळदीची रेघ. सर निवृत्त झाले तरी रोज सकाळी येऊन ते आधी खोक्यांभोवतीची हळद तपासायचे आणि मग हजेरीपटावर सही करायचे. निवृत्त माणसाला सही करायची नसते हे त्यांना सांगायला कुणी धजलं नाही.

आबा घरी आले की दौऱ्यातल्या गोष्टी सांगायचे. त्यातली पलूसकडची गोष्ट ते सगळ्यात रंगवून सांगायचे. तिथे एका बांधावरच्या वीरगळाला लोकांनी शेंदूर आणि त्यावर ऑइलपेंट फासला होता. सरांनी पिशवीतून रॉकेलची बाटली आणि ब्रश काढला आणि सरळ घासायला सुरुवात केली. रानातली माणसं धावत आली.

"आवं मास्तर, द्येव हाय त्यो आमचा!"

"देव नाही!" सर ओरडले. "लढाईत मेलेला माणूस आहे. तुमच्यासाठीच मेला असेल. त्याचं नावसुद्धा कुणी कोरलं नाही, करंट्यांनो, आणि वर रंग फासता!"

एकानं सरांच्या कोटाची कॉलर धरली. आबा मधे पडले. झटापटीत आबांच्या शर्टाचा खिसा फाटून लोंबायला लागला. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आबांना विचारलं, "तू कुणातला रं?" आबा म्हणाले, "म्या कॉलेजातला." एक-दोघं हसले. आबांनी हात जोडले, "गड्यांनो, सोडा, मास्तर खुळा हाय, पर वाईट न्हाई." प्रकरण निवळलं. आणि सरांचं पहिलं वाक्य काय होतं? "पाच-सहा, जागेवर उभा राहा, ऊन जाईल."

आबा हे हसून सांगायचे आणि आम्हीही हसायचो. म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला. देवाला हात लावणारा कुणातला आहे, हे त्याला बघायचं होतं. खरं उत्तर दिलं असतं, तर त्या शिवारात सरांची कॉलर सुटली असती आणि आबांची मान धरली गेली असती. हे सरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. सर आमच्या घरी येऊन भाकरी खाऊन गेलेले, जातपात मानत नाही असं चारचौघांत सांगणारे. मानत नव्हतेच म्हणा. त्यांना माणूसच दिसत नव्हता, तर जात कुठून दिसणार?

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कॉलेजनं ठरवलं की सरांच्या स्लाइड कॉम्प्युटरवर घ्यायच्या. सांगलीत एकानं स्लाइडचं स्कॅनिंग करायचं मशीन आणलं होतं, तो सगळं सीडीवर उतरवून देणार होता. त्याआधी स्लाइड पुसून, लावून, वीस-वीस खणांच्या प्लॅस्टिकच्या पानांत भरायच्या होत्या. हे काम माझ्याकडे आलं. जुन्या टेबलाची फळी काढून काच बसवली, खाली ट्यूबलाइट. हातात सुती मोजे, एक भिंग, धूळ उडवायला रबरी फुगा. बुरशीचे ठिपके असलेल्या बाजूला, मुंग्यांनी कडा खाल्लेल्या वेगळ्या, बाकीच्या गावाप्रमाणे.

पहिला खोका उघडला आणि पहिलीच स्लाइड काचेवर ठेवली. एक दगड, शेजारी एक माणूस. भिंग लावलं तर आबा.

दुसरी ठेवली, आबा. तिसरी, आबा. दगड बदलत होते, गावं बदलत होती, दगडाच्या डाव्या अंगाला हात शरीराशी सरळ ठेवून आबाच उभे. खोक्यामागून खोके उघडत गेले. काळ्या केसांचे आबा, कानशिलं पिकलेले आबा, आईनं उसवून शिवलेल्या निळ्या शर्टातले आबा, फाटका खिसा लोंबत असलेले पलूसचे आबा. त्या एकाच स्लाइडमध्ये ते हसत होते.

आमच्या घरात आबांचा एकच फोटो होता. नोकरीच्या कागदांवरचा पासपोर्ट साइजचा फोटो मोठा करून घेतलेला, पुसट, छातीपर्यंतचा. आबा पायांवर उभे असलेले बघायला मिळतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. संध्याकाळी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हमाली करायला जात हुतं की ह्ये. फोटूत कशाला घ्येतील?" मी म्हटलं, सगळं कॉम्प्युटरवर आलं की तुला कॉलेजात नेऊन मोठे करून दाखवते. त्यानंतर ती रोज विचारायची, झालं का गं.

सरांना मी विचारलं, सगळीकडे आबाच कसे? सर खूष झाले. त्यांना त्यांच्या पद्धतीबद्दल विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. दगड किती मोठा आहे हे फोटोत कळावं म्हणून शेजारी मोजपट्टी उभी करतात. सरांना ती मान्य नव्हती. "पट्टी मेलेली असते. माणूस उभा केला की दगड केवढा आहे ते पोटात कळतं. पण रोज वेगळा माणूस घेतला तर सगळा घोळ. म्हणून एकच घेतला. पाच-सहा. कमी नाही, जास्त नाही. हलायचा नाही, बोलायचा नाही. असं प्रमाण मिळत नाही हो!"

मी म्हटलं, "मग पाठीमागे त्यांचं नाव लिहायचं का? गावाचं नाव आहे, दगडाची उंची आहे."

"छे! नाव लिहिलं की तो माणूस होतो. मग प्रमाण राहत नाही."

लढाईत मेलेल्याचं नाव कोरलं नाही म्हणून पलूसच्या लोकांना करंटे म्हणणारा हा माणूस. पण तेव्हा मी मनाशी म्हटलं, आबा दिसतायत ना, बास झालं.

मग पुण्याहून एक तरुण संशोधक स्लाइड बघायला आला. मुलगा सभ्य होता. काचेवर वाकून बघत राहिला आणि नंतर हसू दाबत म्हणाला, "सर, स्केलसाठी माणूस? आता हे कुणी ग्राह्य धरत नाही. बाहेर पाठवलं तर हसतील लोक." सरांचा चेहरा पडला. इतकी वर्षं अंधारात वर्गाकडे पाठ करून बोलणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच समोरून कुणी बोललं होतं. मला त्या क्षणी सरांची कीव आली होती.

ती कीव चार दिवस टिकली. सोमवारी मी पुसलेली पानं तपासायला घेतली, तर काचेवर दगडाशेजारी आबांच्या जागी काळा उभा चौकोन. आधी वाटलं बुरशी. पण बुरशी अशी कातरीनं कापल्यासारखी धरत नाही. दुसऱ्या स्लाइडवर तेच. तिसऱ्या, चौथ्या. स्लाइड हातात घेऊन तिरकी धरली तर चंदेरी टेप चमकला. सर सकाळी माझ्याआधी येत होते. डोळ्याला भिंग लावून टेपचे बारीक तुकडे कापून, थेट फिल्मवर, आबांवर चिकटवत होते. दोन खोके पुरे करून झाले होते.

मी नखानं एक तुकडा हळूच सोडवला. टेप निघाला आणि त्याबरोबर फिल्मवरचा रंगही निघाला. स्लाइडमध्ये राहिली मोकळी पांढरी खाच, आणि आबा माझ्या बोटावर, टेपच्या चिकट बाजूला, उलटे. गव्हाच्या दाण्याएवढे. मी दुसऱ्या तुकड्याला हात लावला नाही.

सर आत आले तेव्हा मी उभीच होते.

"सर, हे काय केलंत?"

"मास्किंग. परदेशातसुद्धा करतात. नको तो भाग झाकायचा."

"हे आबा आहेत."

"मग? मला सांगतेस? मीच उभा केला होता त्याला."

"तुम्ही उभे केलेत आणि तुम्हीच झाकताय?"

"अगं, दगड बाराव्या शतकातला आहे, पाच-एक. तुझा बाप त्याचा भाग नाही."

मी कॉलेजात कधी आवाज चढवला नव्हता. अनुकंपेवर लागलेल्या माणसानं आवाज चढवायचा नसतो, असं मला सगळ्यांनी शिकवलं होतं. त्या दिवशी मी इतकी ओरडले की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी आली. म्हटलं, माझा बाप दरवर्षी दिवाळीत घरात नसायचा तो या दगडांपायी. तुमच्यासाठी त्यानं मार खाल्ला असता. लोकांनी तुम्हाला हसू नये म्हणून तुम्ही त्याला टेप लावताय? आता खोक्याला हात लावून दाखवा. आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

सर थक्क होऊन बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता, हे मला जास्त झोंबलं. प्रोजेक्टर आपणहून बोलायला लागला असता तर ते असेच बघत राहिले असते. मग ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य दोघांचंही मन न मोडणारे. ते म्हणाले, टेप लावत बसायला आता वेळ नाही, सांगलीवाला थांबलाय, आहे तसं पाठवून द्या. म्हणून उरलेले आबा वाचले. कुणी वाचवायचं ठरवलं म्हणून नव्हे, उशीर झाला म्हणून.

एसटीनं मी स्वतः सांगलीला गेले, सगळी पानं मांडीवर घेऊन. स्कॅनिंग करणारा पोरसवदा गडी होता, मिशी नुकती राखलेली.

"मॅडम, ह्या काळ्या पट्ट्या काय हायत? कॉम्प्युटरवर काढू का?"

"निघतील?"

"काढाया निघतील. पर मागं कायतरी असाया पायजे की. हितं कायच न्हाई." मग पुढच्या खोक्यातल्या स्लाइड बघता बघता तो थांबला. "ह्यो माणूस लय ठिकाणी हाय की वो. कोण म्हनायचं ह्यो?"

मी आबांचं पूर्ण नाव सांगितलं. त्यानं ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं आणि पुढच्या कामाला लागला. पलूसच्या स्लाइडचा मी त्याच्याकडून मोठा फोटो करून घेतला. तो आज घरात आहे, फाटक्या खिशासकट.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, सांगताना कितीही राग आला तरी. आबांना हे काम आवडत होतं. "म्या नसलो तर सर बटान दाबत न्हाईत," असं ते गल्लीत अभिमानानं सांगायचे. मला वाटायचं, बाता मारतात. ते खरंच होतं. आबांनी सरांचा कधी राग केला नाही. त्यांच्या वाटचाही मलाच करावा लागतो.

सीडी आली तेव्हा कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत छोटा कार्यक्रम ठेवला. प्राचार्य, विभागातली मंडळी, पुण्याचा तो संशोधक, मधल्या खुर्चीत कोट घातलेले सर. माऊस माझ्या हातात. आईला मी बोलावलं होतं. तिला लांबचं नीट दिसत नाही म्हणून सगळ्यात पुढे, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसवलं. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. येताना वाटेत दोनदा विचारलं, समद्या फोटूत पायासकट दिसत्यात ना?

सीडीवर पहिले दोन खोके पहिले होते. त्यांचा क्रम बदलायचा नाही असं सरांनी सांगलीला फोन करून बजावलं होतं. पहिला दगड आला. डावीकडे काळी उभी पट्टी. दुसरा दगड, काळी पट्टी. तिसरा. संशोधक पुढे झुकला.

"सर, हे उत्तम केलंत. सगळीकडे एकाच उंचीची पट्टी. आता माप घेता येईल."

सर खुर्चीतल्या खुर्चीत उंच झाले. "पाच फूट सहा इंच. सगळीकडे! कमी नाही, जास्त नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाबत राहिले. दगड, पट्टी. दगड, पट्टी. आई माझ्याकडे वळून कुजबुजली, "आगं, तुजा आबा कवा यायचा?" आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाली, "आन ह्यो काळा खांब कसला गं, परत्येक दगडापशी?"

खोटं सांगता आलं असतं. पुढच्या खोक्यात येतील म्हणता आलं असतं.

"आबाच आहेत, आई. वरनं टेप लावलाय."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा ती सर घरी आले की करायची, आणि सरांकडे तोंड करून उभी राहिली.

"आवं सर, ह्यास्नी झाकलं कशापायी? काय चोरीमारी केल्ती व्हय ह्यांनी?"

"तसं नाही, बाई," सर म्हणाले. "ते मोजमापासाठी..."

"मोजायला हुबं केलं तवा चाललं की."

संशोधक आईकडे, मग पडद्यावरच्या पट्टीकडे बघत राहिला. सरांनी कोटाचं बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मग तिच्याकडे न बघता, वर्गात म्हणायचे तशाच आवाजात म्हणाले, "पाच-एक, पुढचं."

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"सर, आई विचारतेय. आधी तिला सांगा."